हेमलतावहिनीचं बेट

आमच्या हेमलतावहिनीने अंदमानला जायचं ठरवलं तेव्हा आमच्या नात्यागोत्यात जो गलका झाला, तेवढा तिच्या लग्नातही झाला नव्हता. मी तिची धाकटी नणंद, ज्योत्स्ना. धुळ्याला देवपुरात राहते. मला कुणी विचारलं नाही तरी मी बोलते हे सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा हेही मीच सांगते.

आधी वहिनी कोण ते ऐका. माझा भाऊ धनसिंग, त्याची ही बायको. भाऊ जिनिंगमध्ये फिटर होता, आता रिटायर होऊन घरी बसलाय. घर जळगावात, पिंप्राळ्यात, अगदी रस्त्याला लागून. हीच वहिनीची साडेसाती. गावाकडून जळगावला जो येतो, कुणी सिव्हिलला डोळे दाखवायला, कुणी कोर्टाच्या तारखेला, कुणी पोराच्या ॲडमिशनला, कुणी लग्नाचं सोनं घ्यायला, तो म्हणतो, "चला, धनसिंगभाऊकडे जरा टेकू." टेकला की चहा होतो, चहा झाला की जेवण होतं, आणि जेवणावर झोप आली की मुक्काम होतो. एकदा एक गृहस्थ आठवडाभर राहून गेले, आणि गेल्यावर भाऊ वहिनीला विचारतो, "हे तुझ्याकडचे होते की माझ्याकडचे?" दोघांचेही नव्हते. शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्या धनसिंगकडे आलेले होते बिचारे.

वहिनी कधी कुरकुरली नाही. बुटकीशी, चपळ, सावळी बाई. कणीक मळायला घेतली की दोन मुठी जास्तीच्या घेणारच. तिने तव्यावरची गरम भाकरी खाल्लेली मी कधी पाहिली नाही. आणि आणखी एक, ती खुर्चीत मागे रेलून कधी बसायची नाही. बसली तर कडेला, एक पाय स्वयंपाकघराकडे करून. मी म्हणायचे, "वहिनी, खुर्चीला काटे आहेत का गं?" ती हसायची आणि बेल वाजली की उठायची.

तर गेल्या दिवाळीत तिची सून दीपमाला तिला म्हणाली, "आई, तुम्ही साठीला आलात. एकदा तरी कुठेतरी फिरून येऊ. तुम्ही सांगाल तिथे." दीपमाला एका पतपेढीत नोकरीला आहे. तोंडाने फटकळ, मनाने साफ. माझ्यासारखीच, म्हणून आमचं जमतं. आम्हाला वाटलं, वहिनी शेगाव म्हणेल, फार तर सप्तशृंगी. भाऊने तर काशीची चौकशीही करून ठेवली होती.

वहिनी कुरड्या तळत होती. झारा तसाच हातात धरून तिने विचारलं, "बेट म्हणजे चारी बाजूंनी पाणी असतं तेच ना गं?"

"हो."

"होडीशिवाय जाता येत नाही असं?"

"होडी नाहीतर विमान."

"मग तिथे दार वाजवायला कोण येणार?" वहिनी म्हणाली. "तिथेच जाऊ."

आम्ही हसून हसून लोटपोट झालो. पण वहिनी हसत नव्हती. कढईतली कुरडई करपून काळी झाली तरी ती दीपमालाच्या तोंडाकडे बघत उभी होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ही थट्टा नाही. ही बाई कित्येक वर्षं मनात हे धरून बसलीय, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

माझा भाचा स्वप्नील, दीपमालाचा नवरा. त्याने महिनाभर मोबाईलमध्ये डोकं खुपसून एक छोटं बेट शोधलं, तिथे समुद्राच्या काठाला चार दिवसांची राहायची सोय केली, आणि तिकिटं काढून टाकली. वहिनीची अट एकच होती, "खोलीत ओटा नको आणि गॅस नको. असला तर मी चहा ठेवीन, मला माहितीय."

मग तयारी सुरू झाली. घरी येणारा प्रत्येक पाहुणा वहिनीच्या हातचा चहा पीत पीत तिला अंदमानवर सल्ले द्यायचा. एक म्हणाला, तिथे मगरी आहेत. दुसरा म्हणाला, तिथे ज्वारीची भाकरी मिळत नाही, पोट बिघडेल. ज्याने उभ्या जन्मात तापीपलीकडे पाऊल टाकलं नाही, तो विमानात कानात कापूस घालायला सांगत होता. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं? भाऊने समुद्रासाठी म्हणून गोल काठाची टोपी आणली, आणि ती घालून तो अंगणातल्या निंबाखाली बसून राहायचा. गल्लीतली पोरं त्याला साहेब म्हणायला लागली.

दीपमालाने वहिनीसाठी फुलाफुलांचा पंजाबी ड्रेस आणला. वहिनीने जन्मात नऊवारी किंवा पाचवारीशिवाय काही नेसलं नव्हतं. दुपारी दार लावून तिने तो घालून बघितला, आरशासमोर जरा वळून बघितलं, आणि नेमकी बेल वाजली. धांदलीत तिने ड्रेसवरूनच लुगडं गुंडाळलं आणि दार उघडलं. धरणगावहून आमची मधली बहीण सरिता आली होती. सरिता म्हणजे आमचा चालताबोलता रेडिओ. "वहिनी, आज एवढी जाड का दिसतेस गं?" असं तिने विचारलं आणि संध्याकाळपर्यंत ते मला धुळ्यालाही कळलं.

बॅगेत वहिनीने बेसनाचे लाडू, शेव आणि उडदाचे पापड असा एक मोठा डबा भरला. दीपमाला म्हणाली, "आई, तिथे जेवण मिळणार आहे. हे कशाला?"

"अगं, कुणी आलंच तर?"

"आई! तिथे कोण येणार आहे? म्हणून तर चाललोय ना आपण!"

"हो गं. पण माणसाचं काय सांगावं," वहिनी म्हणाली आणि डबा बॅगेत तसाच राहू दिला.

सगळं असं छान चाललं होतं, आणि माशी शिंकली. गॅसची टाकी कधी लावली ते कॅलेंडरवर लिहायला वहिनी गेली, तर तिला दिसलं की आपण बेटावर असणार त्याच दिवसांत आखाजी आहे. स्वप्नीलने ऑफिसची सुट्टी बघून तारखा धरल्या होत्या. तिथी कुणाच्या बापाने पाहिली होती?

आमच्या खानदेशात आखाजी म्हणजे काय, ते बाहेरच्याला कळायचं नाही. पुण्या-मुंबईला अक्षय्य तृतीयेला लोक गुंजभर सोनं घेतात आणि श्रीखंड खातात, झालं. आमच्याकडे दिवाळीला लेक माहेरी आली नाही तर चालेल, आखाजीला आलीच पाहिजे. निंबाला झोका बांधायचा, आमरस आणि पुरणपोळी करायची, लेकीने ओट्यावर बसून आयतं खायचं. त्याच दिवशी घरात गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरायची. नवी मातीची घागर, वर डांगर, म्हणजे आमचं खरबूज. उंबरठ्यावर एकेकाचं नाव घेऊन कुंकवाचं बोट ओढायचं आणि म्हणायचं, जेवा. त्या दिवशी घराला कुलूप असणं म्हणजे काय बोलायचं!

शिवाय लेक आपल्या पायाने येत नाही. तिला घ्यायला मुराळी जातो. भाऊ किंवा भाचा. मुराळी सासरच्या दारात गेला की त्याला पाणी देतात, पाय धुतात, जेवू घालतात, आणि मग लेकीची पाठवणी होते. मुराळी आला नाही, तर लेकीने समजायचं की माहेर संपलं.

माझं आणि सरिताचं काही नाही. आम्ही दोघी एसटीत बसून कधीही येतो, मुराळी आला काय नि न आला काय. पण आमची थोरली, भिकुबाई अक्का, ती पहूरला. सत्तरी कधीच ओलांडली तिने. तिला मुराळी लागतो; तिच्या अहिराणीत मुऱ्हाई. पूर्वी भाऊ जायचा, आता स्वप्नील गाडी घेऊन जातो. पहूरला अक्का सासू आहे, आजी आहे, थोरली काकू आहे. सगळे तिला भितात नाहीतर तिला गोळ्या घे म्हणून सांगतात. वर्षातून चार दिवस ती पिंप्राळ्याला येते, झोक्यावर बसते, पाय हलवते आणि वहिनीला म्हणते, "हेमले, रस आखो वाढ." तेवढे चार दिवस ती कुणाची तरी लेक असते. मला तिचा रागही येतो आणि तिचं म्हणणं पटतंही, काय करू?

वहिनीने मला फोन केला. आवाज असा, जणू घरात चोरी झालीय. "ज्योत्स्नाताई, घोटाळा झाला हो."

मी म्हटलं, "तारखा बदलायला सांग स्वप्नीलला."

"दोघांना रजा तेवढीच आहे. पुन्हा मिळायची नाही म्हणतात. मीच राहते मागे. ते तिघं जाऊन येतील."

"तू राहा नि ते जाऊ देत? अगं, बेट कुणाला पाहिजे होतं? थांब. अक्काशी मी बोलते."

इथे माझं चुकलं असं सरिता म्हणते. म्हणू दे. कुणीतरी बोलायलाच हवं होतं. मी पहूरला फोन लावला. अक्काने आधी एवढंच ऐकलं की हेमलता अंदमानला चाललीय.

"अंदमान? काळं पानी ना ते?" अक्का म्हणाली. "काय गुन्हा करा तिनी?"

मी हसले. मग तारखा सांगितल्या. मला वाटलं फोन कटला, मी दोनदा हॅलो म्हटलं.

"म्हंजे आखाजीले मना माहेरले कुलूप?"

"अक्का, एक वर्ष तर आहे. तू माझ्याकडे ये ना धुळ्याला. मी रस करते."

"तुनं घर मनं माहेर शे का?" ती म्हणाली. "मुऱ्हाई धाडू नका. मी येत नही." आणि फोन ठेवला. मी परत लावला, उचलला नाही. मला असा संताप आला! एवढी म्हातारी झाली, पण लहान पोरीसारखी रुसते. त्या दिवशी मी नवऱ्यावर विनाकारण खेकसले.

पहूरची बातमी पिंप्राळ्याला पोहोचवायला सरिता होतीच: अक्का म्हणते, हेमलतामुळे माझं माहेर संपलं. वहिनीने बॅग रिकामी केली. फुलांचा ड्रेस घडी करून कपाटात गेला, लाडवांचा डबा फळीवर गेला. हे मला दीपमालाने रडत रडत फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "रडू नको, मी येते," आणि निघायच्या दिवशी सकाळी एसटी पकडून जळगावला गेले. त्यांची मुंबईची गाडी संध्याकाळची होती, मुंबईहून पुढे विमान.

जाऊन बघते तर काय, घर सुतकासारखं. भाऊ टोपी घालून झोक्याच्या दोऱ्या तपासतोय. स्वप्नील मोबाईलकडे बघतोय. दीपमाला खोलीत दार लावून. आणि वहिनी ओट्यापाशी हरभऱ्याची डाळ निवडत उभी. आखाजीचं पुरण! नणंदेने येत नाही म्हटलंय, तरी हिचं पुरण चालूच.

माझं डोकं फिरलं. "वहिनी, ती डाळ ठेव खाली. कुणासाठी निवडतेस? अक्का येणार नाही म्हणते. सरिता आणि मी आमचं बघू. तू बॅग भर."

"अक्का येतील. राग उतरला की येतील. आणि आल्या आणि दाराला कुलूप असलं तर?"

"तर किल्ली माझ्याकडे ठेव. झालं!"

"ज्योत्स्नाताई," वहिनी डाळीत बोटं फिरवत म्हणाली, "मला जायचंय हो. फार जायचंय. रात्रंदिवस ते पाणी दिसतं मला डोळ्यांसमोर. पण अक्का म्हणाल्या, माहेर संपलं. माझ्यामुळे म्हणाल्या. माहेर नसलं की कसं होतं ते तुम्हाला तिघींना नाही माहीत. मला माहितीय. मी कुणाला ते दाखवणार नाही."

मी, जिचं तोंड मिटत नाही, ती तिच्याबरोबर डाळ निवडायला लागले.

कारण वहिनीचं माहेर मला माहीत होतं. शिंदखेड्याकडचं एक कोरडं खेडं. ती एकुलती एक. तिचे वडील पुनाबा. उंच, वाळकुडे, डोक्याला पांढरी टोपी, खांद्यावर उपरणं. लग्न झाल्यावरच्या पहिल्या आखाजीला ते मुराळी म्हणून आले. भाऊ नव्हता तिला, म्हणून बापच आला. मी तेव्हा फ्रॉकातली पोरगी, झोक्यावर होते. माझ्या आईने त्यांचे पाय धुतले, पाटावर बसवून पुरणपोळी वाढली, सगळं रीतीप्रमाणे केलं. आणि मग म्हणाली, "व्याहीबुवा, आमच्या पोरी आल्यात. थोरली ओली बाळंतीण आहे. हेमलता गेली तर हाताखाली कोण? पुढच्या साली नक्की पाठवते." ते म्हणाले, "बरं, बरं." आणि एकटे परत गेले. दुसऱ्या वर्षी आले. तिसऱ्या वर्षी आले. दरवर्षी काखोटीला एक मोठं डांगर घेऊन यायचे, ते ओट्यावर ठेवून जायचे, आणि आम्ही पोरी ते कापून खायचो. फार गोड असायचं. वहिनी त्यांना कोपऱ्यापर्यंत पोहोचवून यायची आणि येऊन पुन्हा पोळ्या लाटायला बसायची. चौथ्या वर्षी ते आले नाहीत. मग ते गेले, मग तिची आई गेली, घर चुलतभावांकडे गेलं. वहिनीला घ्यायला कुणी यायचं, ही गोष्टच आमच्या घरातून संपली. आखाजी मात्र दरवर्षी होत राहिली.

एवढ्यात बाहेर रिक्षा थांबली. मी मनात म्हटलं, आला कुणीतरी सिव्हिलला जायला. वहिनीनेही सवयीने चहाचं पातेलं काढलं.

रिक्षातून अक्का उतरली.

एकटी. ना मुलगा बरोबर, ना नातू. पहूरहून एसटीने आली, स्टँडवरून रिक्षाने. घामाने चिंब, डोक्यावरचा पदर सरकलेला, हातात पिशवी, पिशवीत हे एवढं डांगर. भाऊ टोपीसकट उठून पळत गेला. "अक्का! अगं, कळवायचं ना. ये, आत ये."

अक्का पायरीवर उभी राहिली. आत येईना.

"अक्का, ऊन आहे. आत ये ना," मी म्हटलं.

"मुऱ्हाईले पहिले पानी देतस, पाय धोतस. तुमले काही रीत शे का नही?"

आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मला वाटलं, उन्हाने हिच्या डोक्यावर परिणाम झाला. स्वप्नील हळूच म्हणाला, "आत्या, मुराळी तर मी असतो. तुम्हाला घ्यायला."

"तू गप रे. मी मुऱ्हाई शे." अक्का आमच्यावरून आत बघत होती. वहिनी दारात येऊन उभी राहिली होती, हात डाळीने पिवळे. "हेमले, बॅग भर. तुले लेवाले उनू मी."

वहिनीला घ्यायला आली होती ती! वहिनीने पिवळे हात पदराला पुसले.

"तुना बाप तीन साल उना आन रिकामा गया," अक्का म्हणाली. "मी रिकामी जास नही. भर बॅग."

वहिनीने तांब्या आणला. खाली बसून अक्काचे पाय धुवायला लागली. आणि जी रडली, जी रडली, की कुठलं पाणी तांब्यातलं आणि कुठलं डोळ्यांतलं ते कळेना. लग्नात नव्हती रडली ती एवढी. मीही रडले, सांगायला काय लाज? दीपमाला खोलीतून बाहेर आली, तिला काही माहीत नसताना तीही रडायला लागली.

अक्का मात्र खमकी. "पाय धू सांगं तुले, रडू नको. गाडी निघी जाई."

"पण अक्का, आखाजी..." वहिनी म्हणाली. "घागर..."

"घर बंद राहाव नही. आमी तिन्ही जनी शेत. घागर मी भरसू."

भाऊ चाचरत म्हणाला, "अक्का, घागर तर घरच्या पुरुषाने भरायची असते ना?"

"मग तू ऱ्हाय मांगे. तूच भर."

भाऊने टोपी काढली, टोपीकडे बघितलं, परत डोक्यावर घातली. "भर बाई, तूच भर," तो म्हणाला.

मग काय धावपळ उडाली! फुलांचा ड्रेस निघाला, डबा निघाला. लाडवांचा डबा दीपमालाने बॅगेतून बाहेर काढला, वहिनीने आत घातला, पुन्हा तिने काढला. शेवटी अक्काने तो हिसकून घेतला आणि म्हणाली, आम्ही खाऊ. निघताना वहिनी आमच्या तिघांच्या पाया पडली, म्हणजे अक्काच्या, देवाच्या आणि चुकून माझ्याही. मी तिच्याहून लहान आहे हे तिला त्या घाईत आठवलं नाही. अक्काने तिच्या कपाळाला कुंकू लावलं, ओटीत खण-नारळ घातला, आणि रिक्षा वळेपर्यंत पायरीवर उभी राहिली.

ते गेल्यावर मी अक्काला विचारलं, "काय गं, फोनवर तर तोडायला धावत होतीस. मग कसं काय?"

ती झोक्यावर बसली. पदराने वारा घेतला. तिला पहूरला तिच्या सुनेने, केस विंचरता विंचरता, सहज विचारलं होतं: सासूबाई, तुमच्या वहिनी आखाजीला कुठे जातात हो?

"मग?" मी विचारलं.

"मले जवाबच ना सुचना," अक्का म्हणाली. "एवढा साल आथा यी राहिनू. ती कोठे जास, मी कधी मनमा आनंच नही."

आखाजीला सरिताही आली. आम्ही तिघी लेकी माहेरी आणि वाढायला कुणी नाही! हा तमाशा बघायला तिकीट लावायला हवं होतं. सरिताच्या पोळ्या फुटल्या. मला गूळ सापडेना, मग सापडला तर खिसणी सापडेना. अक्का रसात साखरेऐवजी मीठ घालणार, तेवढ्यात मी तिचा हात धरला. मधूनच बेल वाजायची, कुणी ना कुणी यायचं, चहा व्हायचा. दुपारपर्यंत माझी कंबर धरली. सरिता ओट्याला टेकून म्हणाली, "ही रोज कशी करते गं?" मी म्हटलं, "हे आज सुचलं का तुला?" आणि चहाचे कप विसळायला घेतले.

बेटावर फोन नीट लागत नव्हता. पण दीपमालाने एक फोटो पाठवला, तो कसाबसा आला. निळंशार पाणी, वाळू, आणि वाळूत एक लाकडी खुर्ची. खुर्चीत वहिनी. फुलांचा ड्रेस, त्यावर लुगड्याच्या पदरासारखी ओढणी डोक्यावरून घेतलेली. दोन्ही पाय समुद्राकडे. आणि पाठ मागे टेकलेली, अगदी पूर्ण टेकलेली. डोळे मिटलेले होते. मी फोटो अक्काला दाखवला. तिने चष्मा लावून खूप वेळ बघितला. "जपेल शे ती," म्हणाली, म्हणजे झोपलीय. "जपू दे."

मग घागर भरायची वेळ झाली. अक्काने हात धुतले, पदर खोचला. नवी घागर पाण्याने भरली, वर डांगर ठेवलं, आंबे ठेवले, सांजोरी ठेवली. उंबरठ्याशी बसली आणि आमच्या आजोबांचं नाव घेऊन कुंकवाचं पहिलं बोट ओढलं. मग आजीचं, मग वडिलांचं, मग आईचं. प्रत्येकाला म्हणायची, जेवा.

आम्हाला वाटलं, झालं. पण अक्काने पिशवीतून दुसरी घागर काढली. लहान होती. ती केव्हा आणली होती, आम्हाला ठाऊकही नव्हतं. तीही तिने भरली, आणि पहूरहून आणलेलं ते मोठं डांगर त्या लहान घागरीवर ठेवायला गेली. ते राहीना, घसरायला लागलं. तिने ते बाजूलाच टेकवून ठेवलं.

"ही कुणाची?" सरिताने विचारलं.

अक्काने उंबरठ्यावर आणखी एक बोट ओढलं, हात जोडले.

"पुनाबा," ती म्हणाली, "आते जेवा. उशीर व्हयना."

सरिताने तोंडाला पदर लावला. मी भिंतीकडे बघत उभी राहिले. ते डांगर आम्ही कापलं नाही त्या दिवशी, तसंच घागरीपाशी राहू दिलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. गावाकडचे प्रेमराज आप्पा होते. सिव्हिलला त्यांची म्हातारी ॲडमिट होती, तिला भेटून आले होते. ओट्यावर बसले, टोपी काढून वारा घेतला, आत डोकावले. "हेमलताबाई दिसत नाहीत? चहा झाला असता म्हटलं."

"ती नही घरमा," अक्का म्हणाली. "माहेरले जायेल शे. आखाजी शे ना."

आप्पा गोंधळले. ते जुने माणूस, त्यांना सगळं ठाऊक. "पण तिला माहेर कुठे राहिलंय आता?"

"शे ना. चारी बाजूले पानी शे तठे." अक्काने माझ्याकडे बघितलं. "ज्योत्स्ना, उठ. आप्पासाठे चहा ठेव."

मी उठले आणि चहा ठेवला.